भूतकाळासाठी 'इंग्लिश ग्रामर इन यूज' : काही महिन्यांच्या वापरानंतर

रेमंड मर्फी यांचे हे पुस्तक 1985 साली पहिल्यांदा निघाले. माझ्याकडे 2019 ची पाचवी आवृत्ती आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून मी ती जवळजवळ रोज उघडतो. मला कार्यालयात इंग्रजीत पत्रे आणि अहवाल लिहावे लागतात, आणि अहवाल म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींचीच हकीकत. त्यामुळे एकूण 145 प्रकरणांपैकी पाचव्यापासून अठराव्यापर्यंतची, बहुतांशी भूतकाळाशी निगडित असलेली प्रकरणेच मी कसून केली आहेत.

डाव्या पानावर नियम व उदाहरणे, उजव्या पानावर सराव आणि शेवटी उत्तरे अशी मांडणी आहे. उत्तरे नसलेली आवृत्तीही मिळते. स्वतःच शिकणाऱ्याने ती घेऊ नये.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो 'हॅड'वरच्या पंधराव्या प्रकरणाचा. 'मी सोमवारी बँकेत गेलो होतो' असे आपण सहज म्हणतो. जाऊन आलो, काम झाले, एवढेच त्या 'होतो'ने सुचवायचे असते. तेच 'आय हॅड गॉन टू द बँक ऑन मंडे' असे उतरले की इंग्रजी वाचणारा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो, कारण तेथे 'हॅड' हे भूतकाळातल्या एखाद्या क्षणाच्याही आधी घडून गेलेल्या गोष्टीसाठी राखलेले असते. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे मी पोहोचण्याआधीच गाडी सुटलेली होती. 'द ट्रेन लेफ्ट' म्हणजे मी पोहोचलो आणि गाडी सुटली. बँकेच्या वाक्यात असा दुसरा क्षणच नाही, तेव्हा 'आय वेंट' पुरेसे आहे. आता पत्रातल्या प्रत्येक 'हॅड'पाशी थांबून मी 'कशाच्या आधी?' असे विचारतो आणि उत्तर मिळाले नाही तर ते काढून टाकतो.

'हॅव'ची प्रकरणेही चांगली आहेत. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत चालते, पण इंग्रजीत 'येस्टरडे' आले की 'हॅव' जाते. उलट 'जेवलास का?' या आपल्या साध्या भूतकाळाला ब्रिटिश इंग्रजीत 'हॅव यू ईटन?' म्हणतात. अमेरिकेत 'डिड यू ईट?' हेही रूढ आहे. पुस्तक ब्रिटिश वळणाचे असले तरी अमेरिकन फरकांचे परिशिष्ट शेवटी दिले आहे; ज्यांचा पत्रव्यवहार अमेरिकेशी आहे त्यांनी ते आधी वाचावे.

मर्यादा एकच, पण ती मोठी आहे. पुस्तक जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी असल्याने मराठी माणूस नेमका कोठे अडतो, हे त्यात सापडत नाही. त्यासाठी मी स्वतंत्र वही ठेवली आहे. 'मी त्याला ओळखत होतो' यावरून 'आय वॉज नोइंग हिम' सुचते, पण 'आय न्यू हिम' हवे. 'राहत असे' म्हणजे 'यूज्ड टू लिव्ह' हे खरे, परंतु 'पाच वर्षे' असा ठराविक कालावधी सांगायचा असेल तर साधे 'लिव्ड' लिहावे लागते. अशा नोंदींशिवाय केवळ उजवे पान सोडवत गेल्यास सरावातली उत्तरे बरोबर येतात आणि पत्रातली वाक्ये मात्र पूर्वीसारखीच राहतात.

सारे स्पष्टीकरण इंग्रजीतच असल्यामुळे शाळकरी मुलांना हे पुस्तक जड जाईल. त्यांच्यासाठी मर्फी यांचेच 'इसेन्शियल ग्रामर इन यूज' हे सोपे, लाल मुखपृष्ठाचे पुस्तक घ्यावे.