ठाण्याहून नागपूर: सहारहून उडायचं की उलव्याहून?

नागपूरचं तिकीट काढताना 'मुंबई' टाकलं की आता दोन विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात: सहारचा जुना आणि उलव्याचा नवा. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय. कुठून जायचं, हा प्रश्न ठाणेकरांना तेव्हापासून पडतोय.

हवेतलं अंतर आधी निकालात काढू. सहार ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर, उलव्याहून 665च्या आसपास. हे पंधरा किलोमीटर कापायला जेट विमानाला मिनिटभर पुरतं. (भिवंडीजवळच्या आमणे गावापासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर आहे, म्हणजे रस्ताही तसा नाकासमोरच. पण गाडीत आठेक तास काढायची तयारी हवी.)

मग तिकिटावर दीड तास किंवा त्याहून जास्त का? कारण छापलेली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर थांबेपर्यंतची असते. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे कामाला एका वेळी एकच. विमान रांगेत उभं राहतं, बहुतेकदा जुहूच्या समुद्रावर जातं आणि मग पूर्वेला वळतं. कंपन्या हा सगळा वेळ धरूनच वेळापत्रक लावतात. थंडीत वरचे पश्चिमी वारे जोरात असले की जाताना लवकर पोचता आणि येताना उशीर होतो. तेव्हा दोन तिकिटांत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला तर तो सोडून द्या.

खरा हिशोब जमिनीवरचा. ठाणे स्टेशन, नौपाडा, घोडबंदर इथल्यांना सहारच सोपं. पहाटे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मोकळा असतो, टॅक्सी सुसाट जाते. संध्याकाळी मात्र पवईला गाडी जागची हलत नाही. तेव्हा लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि अ‍ॅक्वा लाइनने (भुयारी मेट्रो) पुढचंच टी2 (टर्मिनल 2) स्टेशन गाठावं. दोनदा बदलायचं, पण घड्याळाकडे बघत घाम फुटत नाही. बॅगा मोठ्या असतील तर घाटकोपरच्या पुलावरची गर्दी लक्षात घ्या.

उलव्याला जायचं तर विटावा, ऐरोली, मग अख्खा ठाणे-बेलापूर रस्ता. अंतर जास्त, आणि एमआयडीसी सुटायच्या वेळी तुर्भ्यापर्यंत रडकुंडीला येता. ट्रान्सहार्बर लोकलने नेरूळ, तिथून उरण लाइनवर तरघर, हा रेल्वेचा मार्ग आहे. पण उरणच्या गाड्या मोजक्याच, एक चुकली की पुढचीची वाट बघत बसावं लागतं.

वाशी, नेरूळ, खारघर, पनवेलवाल्यांनी मात्र विचारही करू नये, सरळ उलवे. ऐरोली-घणसोलीकर मधोमध अडकलेत. त्यांनी विमानाची वेळ बघून ठरवावं. पहाटेचं असेल तर कुठूनही चालेल, संध्याकाळचं असेल तर माझं मत उलव्याला.

भाडं बघताना शेवटची एकूण रक्कम बघा. विमानतळाचा यूडीएफ (प्रवाशांकडून घेतलं जाणारं वापर शुल्क) दोन्हीकडे सारखा नसतो. आणि परतीच्या तिकिटावरचा कोड नीट वाचा: बीओएम म्हणजे जुना विमानतळ, सहार (टी2) किंवा सांताक्रूझ (टी1), एनएमआय म्हणजे उलवे. जाताना एका ठिकाणाहून आणि येताना दुसरीकडे, असं तिकीट स्वस्त दिसलं तरी गाडी पार्किंगला लावून जाणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.