मॅरेज गार्डन की गावातला हॉल? इंदुरातलं मराठी लग्न आणि ताटांचा हिशोब

इंदुरात मराठी घरात लग्न जमलं की आठवड्याच्या आत घरात दोन पक्ष पडतात. एकाला बायपासवरचं किंवा कनाडिया रोडवरचं मॅरेज गार्डन हवं असतं: संध्याकाळची वेळ, हिरवळ, लायटिंग, खाण्याचे काउंटर, आणि सगळं पॅकेजमध्ये एकाच माणसाकडे. दुसरा पक्ष म्हणतो, रामबाग-लोकमान्य नगरकडचा एखादा हॉल घ्या, सकाळचा मुहूर्त धरा, दुपारी पंगती उठवा आणि दिवेलागणीच्या आत घरी या. पहिल्या पक्षात बहुधा मुलं-मुली आणि त्यांच्या मावश्या असतात. दुसऱ्यात आजोबा, आणि ज्याच्या खात्यातून पैसे जाणार तो.

मी दोन्हीकडे राबलो आहे. पुतणीचं लग्न गार्डनमध्ये झालं, तेव्हा दादानं पैशांची बॅग माझ्या खांद्यावर अडकवली होती. नंतर माझ्या मुलीचं हॉलमध्ये केलं. माझा कल कुठे आहे ते काही लपून राहणार नाही, पण गार्डनची बाजूही नीट मांडतो, कारण काही घरांना तेच सोयीचं पडतं.

आधी “साधारण किती लागतात हो?” हा प्रश्न. जेफरीज या ब्रोकरेज कंपनीनं जून २०२४ मध्ये भारतातल्या लग्नांवर एक अहवाल काढला. त्यात एका लग्नाचा सरासरी खर्च साडेबारा लाख धरला आहे, म्हणजे सरासरी घराच्या वर्षाच्या मिळकतीच्या तिपटीहून जास्त. त्याच वर्षी वेडमीगुड या लग्नाच्या वेबसाइटनं आपल्याकडे येणाऱ्या जोडप्यांकडून काढलेला आकडा साडेछत्तीस लाख. देश तोच, वर्षही तेच. पण वेबसाइटवर डेकोरेटर शोधत बसणारं जोडपं आणि घरासमोर मांडव घालणारं जोडपं यांची मोजदाद एकत्र कशी होणार? शिवाय उदयपूरच्या महालात झालेलं एक लग्न खालच्या शंभर साध्या लग्नांची सरासरी वर ओढून नेतं. त्यामुळे हे आकडे वाचावेत आणि बाजूला ठेवावेत. आमच्या ओळखीतल्या नोकरदार मराठी घरांत मी जे पाहिलंय ते साडेबाराच्या आसपास किंवा थोडं खालीच असतं, सोनं सोडून. सोनं या हिशोबात आणूच नका. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखाचा भाव झाला, तेव्हापासून दागिने धरून केलेला कुठलाही हिशोब दागिन्यांचाच होतो. आणि मंगळसूत्र दोन्हीकडे तेवढंच लागतं.

आता गार्डन. त्याचं पहिलं सुख म्हणजे एक फोन नंबर. मांडव, खुर्च्या, फुलं, जेवण, जनरेटर, पार्किंगला माणूस, सगळं त्या एका नंबरवर. घरात धावपळ करणारी तरुण मंडळी पुण्या-बंगळुरूला असतील आणि इथे दोघं म्हातारेच उरले असतील, तर या सुखाची किंमत मी कमी लेखणार नाही. गाड्या लावायला जागा असते. फोटो चांगले येतात, हे आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचं एकमत आहे. आणि खाणं! थंडीत गराडू (तळलेला, मसाला लावलेला कंद), भुट्ट्याचं कीस, कढईतलं दूध, मुगाचा शिरा, पलीकडे पास्तावाला. इंदुरातल्या माणसाला उभ्यानं खात फिरायला आवडतं, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीनं लावलेली सवय आहे ती. व्याही हिंदी भाषक असतील तर विषयच संपला. घोडी, बँड, बारात यांना हॉलसमोरची गल्ली पुरत नाही. तिथे गार्डनच घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. खरं तर शेवटचा भाग वाचा.

मराठी लग्नाला मात्र गार्डनची वेळ जरा अडनिडीच पडते. गोरज मुहूर्त धरला की अक्षता पडतात साडेसहा-सातला, आणि पाहुणे येतात साडेआठनंतर. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना समोर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. तीच माणसं नऊ वाजता जेवणाच्या रांगेत दिसली. यात त्यांचा दोष नाही. इथे रात्रीच्या लग्नाला रात्रीच जायचं असतं. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, म्हणजे डीजेचे पैसे पूर्ण आणि वाजणार दीड तास.

हॉलचे त्रास वेगळे आहेत आणि ते मी झाकणार नाही. जुन्या वस्तीतला हॉल म्हणजे पार्किंगच्या नावानं शिमगा. हॉलवाला, केटरर, फुलवाला, फोटोवाला, सनई, गुरुजी, प्रत्येकाशी वेगळं बोला, वेगळी उचल द्या, वेगळी आठवण करा. यासाठी घरात दोन तरी चुलतभाऊ असे लागतात ज्यांना भांडायला संकोच वाटत नाही. हॉल बहुधा दिवसाच्या हिशोबानं मिळतो. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी तिथेच करायचं असेल तर ते आधी विचारा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं पडतं. ट्यूबलाइटमध्ये शालूचा रंग भलताच दिसतो. जनरेटर, एसी, विजेचं मीटर यांचे पैसे वेगळे; ताबा घेताना मीटरचा फोटो काढून ठेवा. आणि “केटरर आमचाच घ्यावा लागेल” असं म्हणणारा हॉल असेल तर तो सोडा, कारण हॉलचा जो खरा फायदा आहे तो तिथेच जातो.

तो फायदा कोणता, हे मला गार्डनमध्ये कळलं.

गार्डनवाला ताटांची गॅरंटी घेतो. म्हणजे पाचशेची गॅरंटी दिली आणि चारशे माणसं आली तरी पाचशेचे पैसे. हे समजण्यासारखं आहे, त्यानं स्वयंपाक केलेला असतो. जास्त ताटं गेली तर वरच्या प्रत्येक ताटाचे पैसे, हेही ठीक. अडचण अशी की तो माणसं मोजत नाही, ताटं मोजतो. आणि बफेत एक माणूस म्हणजे एक ताट हा हिशोब कधीच जमत नाही. कोणी वरणभात वाढून घेतो, ओळखीचं कोणी भेटतं, ताट कुठेतरी टेकवतो, गप्पा होतात, ताट उचललं जातं, मग तो नवीन घेतो. मुलं तीन-तीन ताटं खराब करतात. गोडाला वेगळं ताट घेणारी माणसं प्रत्येक घराण्यात असतात. आमच्यात तर जास्तच. बँडवाले, फोटोवाले, पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे त्याच थप्पीतून ताट उचलतात. त्यांना नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही आणि पाहू इच्छितही नाही.

पुतणीची पाठवणी चालू होती. वहिनीचे डोळे पुसून लाल झालेले, दादा जावयाच्या गाडीपाशी उभा, आणि मॅनेजर माझ्या कोपराला हात लावून हळू आवाजात म्हणाला, “भाईसाहब, एक सौ चालीस प्लेट ऊपर गई है।” त्या वेळी माणूस काय करणार? मी आणि माझा भाचा मोबाइलच्या उजेडात तंबूमागे गेलो. तिथे उष्ट्या ताटांच्या थप्प्या होत्या, काही ताटं धुऊन परत थप्पीत गेली होती, काही अजून टेबलांखाली. मोजणार काय आणि कशाशी ताडून पाहणार? तो लबाडी करत होता असं मी म्हणणार नाही. तेवढी ताटं गेलीही असतील. जेवायला किती माणसं आली हे मात्र ना त्याला माहीत होतं ना मला, आणि पैसे त्याच गोष्टीचे द्यायचे होते. समजा ताट ८०० रुपयांचं असेल, तर १४० ताटांचे होतात १,१२,०००. रात्री बारा वाजता, मुलगी गाडीत बसत असताना, एवढ्या रकमेवर घासाघीस करायची. केली. शेवटी कमी-जास्त करून मिटलं. पण दादा गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होता आणि मी तंबूमागे होतो, हे मला आजही बोचतं. पाठवणीला मी नव्हतोच म्हणा ना.

म्हणून मुलीच्या वेळी घरच्यांना एवढंच म्हणालो की बाकी काहीही करा, जेवणाचा हिशोब मला जेवण चालू असताना दिसला पाहिजे. हॉलमधल्या पंगतीत तो दिसतो. टेबल-खुर्च्यांची का असेना, पंगत ती पंगत. एका पंगतीला किती बसतात हे भरल्या पंगतीकडे पाहून लहान मूलही सांगेल, आणि किती पंगती उठल्या हे वाढपी, केटरर आणि आमचे आजोबा तिघांनाही पाठ असतं. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड, मठ्ठा, आणि इंदूर असल्यामुळे शेव. बसलेल्या माणसाचं ताट एकच असतं, दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं तरी त्याच ताटात येतं. बँडवाल्यांची, ड्रायव्हरची पंगत शेवटी, तीही मोजलेली. केटररनं दुपारी आकडा सांगितला तेव्हा माझ्या मनात तोच होता. तिथेच हातावर पैसे ठेवले आणि मी पाठवणीला मोकळा झालो.

आणखी स्वस्तात करायचं असेल तर जुनी पद्धत आहे: सामान आपलं, मजुरी हलवायाची. किराणा सियागंजातून, भाजी चोइथराम मंडीतून. बचत चांगली होते, पण पहाटे मंडीत जाणारा माणूस घरचा लागतो. मी यात पडलो नाही. माझं वय आणि माझी कंबर दोन्ही आड आली.

दिवसाच्या लग्नाची दुसरी बचत कुणी हिशोबात धरत नाही. मुंबईचे पाहुणे रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसनं सकाळी इंदुरात उतरतात, अकराच्या पुढचा मुहूर्त असेल तर अंघोळ करून वेळेत पोचतात, आणि जेवून संध्याकाळच्या अवंतिकेनं परतही जाऊ शकतात. रात्रीचं लग्न असलं की त्याच माणसांना खोली द्यावी लागते, सकाळचे पोहे-जिलेबी आलेच, आणि मग कुणीतरी म्हणतं, एवढं आलोय तर उज्जैनही करून येऊ. आनंदानं करावं, पण गाडी आपल्याला सांगावी लागते. आमच्याकडे या एका बाबीत बऱ्यापैकी फरक पडला असं मला वाटतं. हिचं म्हणणं वेगळं आहे.

तारखेबद्दल एक गोष्ट दोन्ही पक्षांनी ऐकावी. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इथल्या हिंदी घरांत खरमास पाळतात, लग्नं होत नाहीत. आपल्या मराठी पंचांगांत मात्र त्या दिवसांतही लग्नाचे मुहूर्त निघतात. गार्डनं रिकामी, टेंटवाले मोकळे, बँडवाला स्वतः फोन करतो. भावात घासाघीस करायला वर्षात यापेक्षा चांगले दिवस नाहीत. उलट देवउठनी ग्यारस (कार्तिकी एकादशी), वसंत पंचमी किंवा आखा तीज (अक्षय्य तृतीया) धरलीत, तर भाव तो सांगेल तो.

हे दोन्ही नको, नोंदणी करून जवळच्या माणसांना जेवण द्यायचं, असं म्हणणारी मुलं आता आपल्यातही आहेत, आणि मला ती आवडतात. विशेष विवाह कायदा १९५४ प्रमाणे करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेऊन चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा गुरुजींना घरी बोलावून सप्तपदी करा, मग नोंदणी करा. यात खर्च सर्वात कमी. फक्त ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात भेटणारा प्रत्येक जण पुढची दोन वर्षं “आम्हाला नाही बोलावलंत” म्हणेल, तेवढी तयारी ठेवा.

तरीही गार्डनच ठरलं असेल, आणि ठरूही शकतं, तर करार करताना चार ओळी लिहून घ्या. गॅरंटी खरोखर येतील असं वाटतं त्यापेक्षा कमी द्या, वाढवणं नेहमी सोपं असतं. ताटं कोण मोजणार आणि किती वाजता, ते लिहा. आम्ही हे केलं असतं तर रात्री नऊला एकदा आणि साडेदहाला एकदा दोघांनी मिळून थप्पी मोजली असती. बँड, ड्रायव्हर, फोटोवाले यांच्या जेवणाचा दर वेगळा ठरवा किंवा त्यांना पाकिटं द्या. भाव जीएसटीसकट आहे का ते विचारा. नुसत्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के लागतो आणि बाहेरून येणाऱ्या केटरिंगवर साधारणपणे ५, म्हणून बिल कसं फोडणार हे आधीच कळलेलं बरं. उरलेलं अन्न कोणाचं, तेही लिहा. आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ऑफिसात येऊन देऊ, रात्री नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. जो गार्डनवाला याला तयार होत नाही, त्याच्या शेजारी दुसरं गार्डन असतंच.