स्किन स्पेशालिस्टचा खर्च इन्शुरन्समधून मिळतो का? अ‍ॅप, चॅट, हेल्पलाइन तिन्हीचा अनुभव (५ पैकी ३)

बाबांच्या पाठीवरचा जुना तीळ वाढलाय, एका बाजूची कड वेडीवाकडी झालीये आणि रंगही कुठे काळा कुठे तपकिरी, म्हणून स्किन स्पेशालिस्टकडे न्यायचंच होतं, फक्त त्याआधी इन्शुरन्स काय देतो ते विचारून घेऊ म्हटलं. कंपनीचं नाव घेत नाही, सर्व्हिसबद्दल लिहिते.

अ‍ॅप बेकार आहे. त्वचारोग टाकून सर्च केलं की "पॉलिसीच्या अटींनुसार लागू" एवढंच येतं, अहो त्या अटीच तर बघायच्यात ना. चॅटवर तर त्याहून वाईट, स्किन शब्द दिसला की लगेच कॉस्मेटिक ट्रीटमेंट कव्हर होत नाही म्हणून मोकळे. याचा मला खरंच राग आला, कारण आधीच घाबरलेला माणूस हे वाचून डॉक्टरला दाखवायचं टाळेल आणि उद्या तो तीळ मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला तर उशीर जिवावर बेतू शकतो.

हेल्पलाइन मात्र चांगली. फोन लागायला वेळ जातो, पण पलीकडच्या मॅडमनी आमची पॉलिसी उघडून क्लॉज वाचून दाखवला आणि मुद्द्याचं सांगितलं, की डॉक्टर कुठला यापेक्षा कशासाठी जाताय ते महत्त्वाचं. तोच तीळ चांगला दिसत नाही म्हणून काढला तर कॉस्मेटिक, संशय आहे म्हणून काढून बायोप्सीला पाठवला तर मेडिकल. त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर कारण स्पष्ट लिहिलेलं हवं आणि क्लेमला निदानाचा आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड) लागतो, म्हणजे सोरायसिसला एल४०, मुरमांना एल७०, साध्या तिळाला डी२२ असे. आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते का, वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी थांबावं लागतं तो काळ) संपलाय का, डॉक्टर कंपनीच्या नेटवर्कमधले आहेत का हेही त्यांनीच बघून दिलं. आणि हो, काही पॉलिसी फक्त अ‍ॅडमिट झालं तरच पैसे देतात, नुसतं दाखवायला गेलात तर ओपीडी कव्हर असावं लागतं, ते आमच्यात आहे.

एक गोष्ट मात्र मी खोदून विचारली तेव्हाच कळली. तपासणीची फी वेगळी, तीळ काढायचे वेगळे आणि बायोप्सीचं लॅबचं बिल तिसरंच, डॉक्टर नेटवर्कमधले असले तरी लॅब बाहेरची असू शकते आणि मग ते बिल आपल्या अंगावर पडतं. हे त्यांनी स्वतःहून सांगायला पाहिजे होतं, एक स्टार यासाठी कापला, दुसरा अ‍ॅप आणि चॅटसाठी.

फोनवरचं सगळं मेलवर लिहून मागितलं तर त्याच दिवशी आलं, रेफरन्स नंबरसकट. तुम्हीही मागाच. पण तीळ बदलत असेल तर मेलची वाट बघत बसू नका, आम्ही फोन ठेवल्या ठेवल्या अपॉइंटमेंट घेऊन टाकली.