मालवणी, गोमंतकीय की मंगळुरी: मासे खायला कुठे बसायचं?

मुंबई-पुण्यात 'सी-फूड' अशी पाटी असलेल्या बऱ्याच हॉटेलांच्या मेनूकार्डावर मालवणी, गोवन आणि मंगळुरी पदार्थ शेजारी शेजारी नांदत असतात. भटारखाना मात्र एकच, आणि तिथल्या आचाऱ्याचा हात तिन्हींपैकी एखाद्याच पद्धतीवर बसलेला असतो. बाकीच्या दोन रकान्यांत पुष्कळदा तेच वाटण नाव बदलून येतं. म्हणून आधी आपल्याला कोणती पद्धत हवी ते ठरवायचं, आणि मग ती ज्याच्या हातात आहे ते हॉटेल शोधायचं.

पाटीवरून थोडाफार अंदाज येतो. मुंबईत नावात 'लंच होम' असेल तर मालक बहुधा मंगळूर-उडुपीकडचे. फोर्टातलं महेश लंच होम हे ठळक उदाहरण. 'गोमांतक' असेल तर हिंदू गोव्याची पद्धत, जी मालवणीच्या इतकी जवळ आहे की थाळीत दोघींची सरमिसळ असते. विंदालू, बालशांव असलं काही हवं असेल तर ते या गोमांतकांत शोधू नका. तो ख्रिस्ती गोव्याचा स्वयंपाक आहे, आणि या तुलनेत त्याला खरं तर चौथा भिडू म्हणायला हवं.

खरा फरक आंबटात

नारळ तिन्हीकडे आहे, लाल मिरची तिन्हीकडे आहे. वेगळेपण येतं ते आंबटामुळे.

मालवणी कालवणात आंबट म्हणजे कोकम, म्हणजे आमसूल किंवा आगळ (कोकमाचा रस). ते शेवटी पडतं, कारण जास्त उकळलं तर रस्सा तुरट होतो. माशाच्या कालवणाला ओला नारळ कच्चाच वाटतात. खरपूस भाजलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण कोंबडी-मटणाचं. हॉटेलात पहिली चूक इथेच होते. एकच भाजकं वाटण करून ठेवायचं आणि कोंबडीलाही तेच, सुरमईलाही तेच. मासळीचा रस्सा तपकिरी आणि मटणाच्या वासाचा आला, तर काय झालंय ते ओळखावं.

गोव्याच्या हुमणात, म्हणजे माशाच्या नारळी कालवणात, कोकमाबरोबर चिंचही चालते. रंग केशरी, पोत अगदी मऊ, कारण वाटण गंधासारखं बारीक हवं. जिभेला रवाळ लागलं तर घाई झाली आहे. आंबट-तीक या कालवणात मात्र नारळ नसतोच. मोरी (छोटा शार्क) किंवा तत्सम घट्ट मासा आणि मिरची-चिंचेचा दाट रस, एवढंच. आंबट-तीक मागवल्यावर नारळाची आमटी आली, तर त्या हॉटेलात गोव्याचे बाकीचे पदार्थ मागवण्यात अर्थ नाही.

मंगळुरी गश्शीत, म्हणजे नारळाच्या दाट रश्शात, चिंच, ब्याडगी मिरची, भाजलेले धणे-जिरे-मेथी आणि खोबरेल. खोबरेलाचा वास नको असेल तर आधीच सांगा, पण मग गश्शी मागवूच नये हे बरं. तेल बदललं की तिचा जीवच जातो. मेथी जास्त भाजली गेली तर शेवटच्या घासाला कडवटपणा उरतो. पुळिमुंची हा याच घरातला अधिक तिखट-आंबट भाऊ: तुळूत पुळि म्हणजे आंबट आणि मुंची म्हणजे मिरची, नावातच पाककृती. तारले-बांगड्यासारख्या तेलकट माशाला तो शोभतो, पापलेटवर वाया जातो.

आणखी एक चीज मालवण आणि गोवा यांच्या वाट्याला आहे: तिरफळ, एक सुकवलेलं मसाल्याचं फळ. बांगडा, तारले, पेडवे अशा उग्र माशांच्या कालवणात ती ठेचून टाकतात, वाटत नाहीत. आतली काळी बी आधी काढलेली असते. तिरफळं चावायची नाहीत. चावली तर जीभ काही मिनिटं बधिर होते आणि पुढच्या चार घासांची चव कळत नाही. वेटर हे सांगत नाहीत. पाहुणा नवखा असेल तर त्याच्या वाटीतली तिरफळं आधीच बाजूला काढा.

तिखटाचा प्रश्न

घरातली लहान मुलं, वयस्क माणसं किंवा परदेशातून आलेले नातेवाईक बरोबर असतील, तर तिखटावरूनच निवड होते. ब्याडगी मिरचीमुळे मंगळुरी पदार्थ लालभडक दिसतात, पण तिच्यात रंग जास्त आणि तिखटपणा कमी. त्यामुळे दिसायला भयंकर गश्शी जिभेला मालवणी तिखल्यापेक्षा सौम्य लागू शकते. तिखलं नावाप्रमाणेच आहे: अंगाबरोबर रस, मसाला भरपूर, नारळ कमी किंवा नाहीच. सगळ्यांत सौम्य म्हणजे ख्रिस्ती गोव्याचं कालदीन, हळद-धणे-जिरे आणि नारळाच्या दुधातलं पिवळं कालवण. मुलांसाठी हेच मागवा आणि आत हिरवी मिरची अख्खी घालायला सांगा.

विंदालूबद्दल एक सांगून टाकतो. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही. शब्द पोर्तुगीज आहे आणि त्यात वाइन आणि लसूण आहेत. बटाट्याच्या फोडी घातलेला विंदालू आला, तर आचारी मेनूकार्ड वाचून स्वयंपाक करतोय.

तळलेला मासा

हॉटेल पारखायचं असेल तर सुरमई किंवा पापलेट न मागवता आधी एक बांगडा फ्राय मागवावा. स्वस्त असतो आणि शिळा असेल तर लपत नाही. ताज्या बांगड्याचं मांस काट्याला किंचित धरून राहतं आणि मोठ्या पाकळ्यांत सुटतं. बर्फात फार दिवस राहिलेल्याचं मांस पिठासारखं भुसभुशीत होतं.

मालवणी-गोमंतकीय पद्धतीत रवा, बहुधा थोडं तांदळाचं पीठ मिसळून. मंगळुरी हॉटेलांत रवा फ्राय असतोच, पण त्यांची हातोटी तवा फ्रायमध्ये, म्हणजे बिनरव्याचा दाट ओला मसाला माशावर थापून मंद तव्यावर भाजलेला. मसाला चांगला असेल तर तवा फ्राय घ्यावा, मासा चांगला असेल तर रवा फ्राय. रव्यात माशाची चव उघडी पडते, मसाल्यात झाकली जाते. गोव्याचा तिसरा प्रकार म्हणजे रेशाद: व्हिनेगर, मिरची, लसणाचं वाटण बांगड्याच्या दोन्ही बाजूंना चीर देऊन आत भरतात. नुसतं वरून माखलेलं रेशाद म्हणजे रंग तेवढा झाला, आतलं मांस फिकंच राहतं.

कुठे बिघडतं ते ताटातच दिसतं. रव्याचं कवच सबंध निघून आलं तर मासा ओला होता, बर्फातला नीट निथळलाच नव्हता. वरून काळपट आणि आत काट्यापाशी गुलाबी, तर तेल फार तापलं होतं. बोटांना तेल लागतंय, तर एकाच वेळी तव्यात जास्त तुकड्या टाकून तेल थंड पाडलं. बोंबलाची गोष्ट निराळी: त्यात पाणीच एवढं की तो उभा चिरून, वर वजन ठेवून, निदान अर्धा तास दाबायला लागतो. हा वेळ वाचवला की वरून कुरकुरीत आणि आत लिबलिबीत बोंबील मिळतो. बोंबील हा मुंबईचा आणि उत्तर कोकणाचा मासा. तो मंगळुरी हॉटेलात न मागवलेला बरा. तिथे काणे रवा फ्राय घ्या. हाच मालवणात मुडदुशे आणि गोव्यात मुडदोशी. तसंच इसवण, अंजल आणि सुरमई ही एकाच माशाची नावं आहेत, एकाच टेबलावर तिन्ही मागवू नका.

थाळी की सुटं?

मालवणी आणि गोमंतकीय हॉटेलात दुपारी थाळीच घ्यावी. ती खानावळीची परंपरा आहे. कालवण त्याच सकाळी मोठ्या पातेल्यात होतं आणि दोन वाजेपर्यंत संपतं. रात्री आठला गेलात तर बहुधा तेच पुन्हा उकळून उकळून दाट झालेलं. थाळीत तळलेली तुकडी, वाटीभर कालवण, सुकं (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, किंवा कोळंबी), भात, चपाती किंवा भाकरी आणि सोलकढी. गोव्यात त्यात सुक्या सुंगटांची (कोळंबीची), नारळ घातलेली किसमूर असते, आणि भात उकडा. उकड्या भाताला पर्याय विचारला तर ते पांढरा देतील, पण हुमण पितो तो उकडाच. सुरमईची थाळी असेल तर 'मधली तुकडी' असं स्पष्ट सांगायचं. शेपटाकडची लहान आणि कोरडी होते.

मंगळुरी हॉटेलात उलट. तिथली थाळी घाईच्या ऑफिसवाल्यांसाठी असते. तिथे सुटं मागवा: दोघांत एक गश्शी, एक सुकं, आणि नीर दोसे. नीर म्हणजे पाणी; आंबवण नसलेलं, पाण्यासारखं पातळ पीठ. हे दोसे गार झाले की चिवट होतात, म्हणून एकदम आठ न मागवता माणशी दोन-दोन करून मागवायचे. कोरी रोट्टी घेतली तर तांदळाच्या कडक पापडांवर कोंबडीची गश्शी थोडी थोडी ओतत जा. सगळी एकदम ओतली की पाच मिनिटांत खीर. घी रोस्ट, ज्याचं नाव कुंदापूरच्या शेट्टी लंच होमशी जोडलेलं आहे, सुकाच हवा: मसाला मांसाला चिकटलेला आणि कडेने तूप सुटलेलं. रस्सेदार घी रोस्ट म्हणजे तुपात मसाला पुरेसा परतलेला नाही.

मालवणीत याच्या तोडीचे म्हणजे कोंबडी-वडे. वडा जाडसर, दाणेदार आणि फुगलेला हवा, कारण पीठ तांदूळ-डाळींचं भरड असतं. पातळ, गुळगुळीत, सोनेरी आला तर ती गव्हाची पुरी आहे आणि पैसे वड्याचे आहेत.

सोलकढीचा रंग फिका गुलाबी असतो. बिटासारखी गडद असेल तर संशय घ्यावा. नारळाचं दूध काही तासांत फुटतं, तेव्हा पाणी आणि नारळाचा अंश वेगळे झालेले दिसले तर परत करा.

खेकडा मागवण्याआधी

दरपत्रकात 'एपीएस' म्हणजे आकारानुसार भाव. वजन शिजण्याआधीचं असतं, त्यामुळे ते आणि भाव दोन्ही आधी विचारा, आणि जिवंत खेकडा दाखवायला सांगा. किलोभर खेकड्यातून मांस जेमतेम तिसरा हिस्सा निघतं. अमावास्येच्या सुमाराला तो भरलेला असतो आणि पौर्णिमेला पोकळ, असं कोकणात मानतात. जाणकार गिऱ्हाईक तिथी पाहूनच येतं. बटर-पेपर-गार्लिक खेकडा मुंबईच्या मंगळुरी हॉटेलांनी लोकप्रिय केला आणि तो तिथेच चांगला मिळतो. पण खेकड्याचा रस्सा हवा असेल तर मालवणी. नांग्या ठेचून त्यांचं पाणी रश्शात घालतात, ती चव लोण्यात येत नाही.

कधी जायचं

सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी हे मराठी घरांत मासे न खाण्याचे दिवस. मालवणी आणि गोमांतक हॉटेलांत त्या दिवशी माल कमी उतरतो आणि आदल्या दिवशीचा खपवला जातो. बुधवार-शुक्रवारची दुपार सर्वांत चांगली. रविवारी मासा ताजा, पण रांग. मंगळुरी हॉटेलांचं गिऱ्हाईक मिश्र असल्याने त्यांना हे चढउतार कमी जाणवतात, म्हणून गुरुवारी जायचंच असेल तर तिकडे जा.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळातली पापलेट-सुरमई बहुतेक गोठवलेली. तेव्हा खाडीतले मासे, खेकडे किंवा सुक्या मासळीचे पदार्थ मागवावे. बंदी उठते त्या सुमाराला श्रावण येतो, ताजी मासळी भरपूर आणि खाणारे निम्मे. श्रावण पाळत नसाल तर टेबलही लगेच मिळतं.

टेबलावर एखादा शाकाहारी असेल तर मालवणीच घ्या: काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी, उन्हाळ्यात ओल्या काजूंची उसळ. मंगळुरी सी-फूडच्या हॉटेलात त्याच्या वाट्याला बहुधा पनीरच येतं.

पार्सलबद्दल एवढंच: रवा फ्राय, नीर दोसा आणि सोलकढी ही तिन्ही घरी पोचेपर्यंत मरतात. तिखलं आणि विंदालू दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात, त्यामुळे घरी नुसता भात लावायचा बेत असेल तर पार्सल त्यांचंच घ्या.