वसमत रस्त्यावरील ड्रायव्हिंग स्कूल: नुकत्याच 18 वर्षांच्या झालेल्यांसाठी
पुतणीला 18 वर्षे पूर्ण होताच आम्ही तिला परभणीत वसमत रस्त्यावरील एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातले आणि तेथील शिकवण्याची पद्धत मला मनापासून आवडली. क्लच हळूहळू सोडताना गाडी नेमकी कोठे उचल घेते हे तळपायाला कळेपर्यंत तिला मोकळ्या मैदानातून रस्त्यावर नेले नाही. शिकाऊ परवाना 6 महिने चालतो आणि तो मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, हे त्यांनी आम्हा वडीलधाऱ्यांना नव्हे, तर थेट तिला समजावून सांगितले आणि ऑनलाइन अर्जही तिच्याच हातून भरून घेतला. या वयातल्या मुलीला असे जबाबदार माणूस म्हणून वागवणे मला फार मोलाचे वाटते. शुल्क वाजवी आहे.

मात्र प्रशिक्षक आपल्या बाजूचा ब्रेक वारंवार दाबतात, त्यामुळे मुलांचा स्वतःचा अंदाज उशिरा तयार होतो. शिवाय गळीत हंगामात मागे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात समोर येतात, तरी रात्रीचा सराव येथे दिलाच जात नाही. तो त्यांनी अवश्य सुरू करावा. प्रवेश घेताना सकाळची तुकडी मागावी, तेव्हा रस्ता मोकळा मिळतो.