स्टेरॉइडचा कोर्स चालू असताना अक्यु-चेक इन्स्टंट: मीटर चांगला, पण सकाळी नव्हे, संध्याकाळी वापरा

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं की शुगर वाढते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ती दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि घरात ग्लुकोमीटर असूनही स्ट्रिप वाया जातात. रोश कंपनीचा अक्यु-चेक इन्स्टंट आपल्याकडे औषधांच्या दुकानात सहज मिळतो. दमा, संधिवात, नेफ्रॉटिक सिंड्रोम (मूत्रपिंडाचा एक आजार) किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या घरी तो किती कामाचा, एवढंच इथे पाहायचं आहे.

यंत्र म्हणून तक्रारीला जागा नाही. 0.6 मायक्रोलिटर रक्त पुरतं, आकडा चारेक सेकंदांत येतो, कोडची चिप बदलण्याची भानगड नाही. स्ट्रिपची कड रुंद असल्यामुळे हात थरथरणाऱ्या आजी-आजोबांनाही थेंब लावायला जमतो. सोबतच्या सॉफ्टक्लिक्स पेनवर टोचण्याची खोली 0.5 ते 5.5 पर्यंत बदलता येते. महिनोन् महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा पातळ होते, जरा टोचलं तरी काळंनिळं पडतं. त्यांनी 1.5 वर सुरुवात करावी, थेंब आला नाही तरच अर्ध्या-अर्ध्याने वाढवावं. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचावं.

खरी अडचण पडद्याशेजारच्या रंगीत पट्ट्याची. शुगर ठरवलेल्या मर्यादेत असली की बाण हिरव्या भागाशी थांबतो. एरवी ही सोय उत्तम, पण स्टेरॉइडच्या रुग्णाला सकाळी उपाशीपोटी दिसलेला हिरवा रंग फसवतो. सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा शुगरवरचा परिणाम साधारण चार तासांनी जाणवू लागतो, आणि दुपारच्या जेवणापासून रात्रीपर्यंत जोरात असतो. या काळात यकृत जास्त साखर तयार करून रक्तात सोडतं, स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याचं प्रमाणही घटतं. तिन्ही गोष्टी एकदम होतात, म्हणून जेवणानंतरचा आकडा उसळतो. पहाटेपर्यंत औषधाचा जोर ओसरलेला असतो. त्यामुळे सकाळी 98 आणि संध्याकाळी 262, असं एकाच माणसाचं एकाच दिवशी होऊ शकतं.

मीटर सरासरीही दाखवतो. वरच्या दोन आकड्यांची सरासरी 180. ती पाहून घरचे म्हणतात, फार नाही वाढली. या काळात सरासरीकडे बघूच नये. वहीत तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस असे चार रकाने आखावेत. डॉक्टरांना त्या कागदावरून जे कळतं ते सरासरीवरून कळत नाही. एचबीए1सी ही रक्ततपासणी तर मागच्या दोन-तीन महिन्यांचं चित्र दाखवतं. दहा दिवसांच्या कोर्सात ती जवळपास निरुपयोगी.

मग तपासायचं कधी? ब्रिटनमधल्या मधुमेह संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शनानुसार, आधी मधुमेह नसलेल्याने रोज एकदा: दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाआधी, नाहीतर त्या जेवणानंतर एक-दोन तासांनी. आकडा 216 च्या वर गेला तर दिवसातून चार वेळा. आधीपासून मधुमेह असेल तर पहिल्या दिवसापासूनच चार वेळा. चौदा दिवसांना 56 स्ट्रिप लागतात, म्हणजे पन्नासचा डबाही अपुरा पडतो. या मीटरचा खरा खर्च स्ट्रिपचाच आहे, तो आधीच धरून चाला. रोज एकच स्ट्रिप परवडत असेल तर ती संध्याकाळच्या जेवणाआधी वापरा.

हे वेळापत्रक सकाळी एकदाच घेतल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनचं. डोस दोनदा विभागला असेल तर रात्रीही शुगर चढलेली राहते. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा अंमल दिवसभराहून जास्त टिकतो, तिथे उपाशीपोटीचा आकडाही वाढतो. गुडघ्यात किंवा खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तरी मधुमेहींची शुगर काही दिवस वर राहू शकते. 2021 मध्ये महाराष्ट्रात कोविडनंतर काळ्या बुरशीने जो हाहाकार केला, त्यात स्टेरॉइड आणि बेकाबू शुगर या जोडीचा मोठा वाटा होता.

सकाळच्या तपासणीचं महत्त्व वाढतं ते स्टेरॉइडचा डोस उतरवताना. प्रेडनिसोलोन 40 वरून 20 मिलिग्रॅमवर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) होतं तेवढंच राहिलं, तर शुगर धोकादायक खाली जाते, अनेकदा पहाटे. आकडा 70 च्या खाली दिसला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलट बाजूला, पडद्यावर 'एचआय' अशी इंग्रजी अक्षरं आली तर शुगर 600 च्या वर आहे. गुंगी येण्याची वाट न बघता रुग्णालय गाठा. शुगर वाढली म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करू नका. तीन-चार आठवडे घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती (नैसर्गिक स्टेरॉइड तयार करणं) मंदावलेली असते, आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

आकड्यांत चूक होते ती बहुधा बोटांमुळे. आंबा कापलेल्या हाताने तपासलं तर फळाची साखर रक्तात मिसळून आकडा भलताच वर जातो. साबणाने हात धुवून कोरडे करा. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या. बोट पिळू नका. लागोपाठ दोनदा तपासून 240 आणि 225 आलं तर मीटर बिघडला असं समजू नका. घरगुती मीटरच्या मानकात 100 च्या वर 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

स्ट्रिपचा डबा 4 ते 30 अंशांत ठेवायचा असतो, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात खिडकीशी किंवा गाडीत ठेवून चालणार नाही. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढताच आत ओल धरते. कोकणातल्या पावसात एक स्ट्रिप काढली की झाकण लगेच बंद.

टाइप 1 मधुमेहींना हा एकटा मीटर पुरत नाही, कारण तो कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साचणारे घातक पदार्थ) मोजत नाही. स्टेरॉइड सुरू होतानाच कीटोन तपासायच्या वेगळ्या स्ट्रिप घरात आणून ठेवाव्यात.