घरचा गणपती: शाडूचा, पीओपीचा की कायमचा?

मूर्ती नोंदवायची वेळ आली की आमच्याकडे हा विषय निघतोच. शाडू मातीची आणि पीओपीची, म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, दिसायला दोन्ही सारख्या, मग शाडूला जास्त पैसे का मोजायचे? आमच्या घरी आजवर दोन्ही येऊन गेल्यात.

पीओपीची मूर्ती हलकी, रेखीव, स्वस्त आणि गर्दीत धक्का लागला तरी सहसा शाबूत राहणारी. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत तिचा सुकाळ झाला तो उगाच नाही. साच्यात ओतलेलं प्लॅस्टर तासाभराच्या आत घट्ट होतं. शाडू मात्र पावसाळी हवेत वाळता वाळत नाही. हातावर पोट असलेल्या कारागिराला मी दोष देणार नाही. पण हे प्लॅस्टर पाण्यात महिनोन्‌महिने तसंच राहतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला चौपाटीवर जाऊन बघा. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत ज्याला निरोप दिला, त्याचा मोदक धरलेला हात वाळूत पडलेला दिसतो. मला ते बघवत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पीओपीच्या विरोधात होत्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला-विकायला मुभा दिली, पण नदी-समुद्रात सोडायला नाही. जुलैत ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. त्यामुळे ‘आता परवानगी आहे’ हे विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं.

शाडूचेही तोटे आहेत. मूर्ती जड आणि नाजूक. घरी आणताना मांडीवर घेऊनच बसावं लागतं. शिवाय ही माती बहुतेक गुजरातेतून, भावनगरकडून येते. जमीन खणून, ट्रकने आणलेली माती नदीत ओतली तर तिथे गाळच वाढणार. म्हणून शाडू घ्यायचा तर विसर्जन घरीच करायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची नऊ इंची मूर्ती संध्याकाळी बादलीत ठेवली की सकाळी तळाशी मऊ राखाडी गाळ उरतो. पाणी निथळून तो वाळवायचा आणि मूर्तिकाराला परत द्यायचा. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत अशी माती गोळा करून पुन्हा वापरात आणतात. शाडूची खरी किंमत इथे वसूल होते; पीओपीच्या बाबतीत ही सोय नाही.

पीओपी आधीच नोंदवली असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत वापरा. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात, अधूनमधून ढवळत, लहान मूर्ती दोनेक दिवसांत विरघळते. अमोनियाचा वास येतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा. कागदी लगद्याची मूर्ती मी सुचवणार नाही. शाईचा रद्दी कागद पाण्यात कुजवण्यात काय साधतं?

फसवणुकीबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. एका वर्षी ‘शंभर टक्के शाडू’ म्हणून दीडपट पैसे देऊन आणलेली मूर्ती तीन दिवस बादलीत जशीच्या तशी बसून होती. त्या विक्रेत्याने आमच्या श्रद्धेचाच धंदा केला, याचा राग अजून गेलेला नाही. आता मी मूर्ती उचलून पाहतो, तळाचा न रंगवलेला भाग नखाने खरवडतो. पांढरी पूड निघाली तर प्लॅस्टर. राखाडी माती निघाली आणि हाताला वजन जाणवलं, तरच नोंदणी. पावतीवर ‘शाडू माती’ लिहूनही घेतो. प्रामाणिक विक्रेता कुरकुरत नाही.

पितळेची किंवा चांदीची कायमची मूर्ती ठेवून पूजेतल्या सुपारीचं विसर्जन करणारी घरंही आहेत. घरच्या मोठ्यांची हरकत नसेल तर सगळ्यांत कमी बोजा याच मार्गाचा. आमच्या आईला दरवर्षी नवी मूर्ती हवी असते, म्हणून आम्ही लहान शाडूवर थांबलो. तुमच्याकडेही तसंच असेल तर आधी उंची कमी करा आणि वाचलेले पैसे शाडूत घाला. नोंदणी मात्र आषाढातच करा, कारण श्रावण संपता संपता चांगली शाडूची मूर्ती मिळणं कठीण होतं.